खरी नक्कल

तालुक्याच्या दफ्तरखान्यात ३१ वर्षे नकला देण्याचे काम करून निवृत्त झालेले माझे काका काल संध्याकाळी माझ्या मेजापाशी येऊन बसले, तेव्हा अर्जदाराने मोबाइलवरून धाडलेली सही दाखल्याच्या पीडीएफमध्ये बसविणारा पायथन प्रोग्राम मी लिहीत होतो, आणि रिपोर्टलॅब या लायब्ररीला डिस्कवरील फाइलचा पत्ता द्यावा, की मेमरीत आलेले बाइट परस्पर तिच्या हवाली करावेत, या पेचात दुपारपासून अडकलो होतो.

“कागद आधी आवक नोंदवहीत चढावा, मगच पुढची कारवाई व्हावी,” काका म्हणाले. “ज्याला ना नाव ना ठावठिकाणा, त्याची शहानिशा कोण करणार?”

“त्याची ओळख त्याच्या अंगावरच असते, काका. जेपेगचे पहिले दोन बाइट नेहमी २५५ आणि २१६. पीएनजीचा पहिला १३७, आणि पुढचे तीन म्हणजे पी, एन, जी ही अक्षरेच. नाव कुणीही बदलील. शिवाय तात्पुरती म्हणून लिहिलेली फाइल, प्रोग्राम मध्येच कोसळला, तर पुसायची राहून जाते. अशा अनोळखी माणसांच्या सह्या एका सर्व्हरवर महिनोन्‌महिने बेवारस पडलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि ते दृश्य मनातून जात नाही.”

काका काही वेळ बोलले नाहीत. सहीचा कागद उघड्यावर राहू नये म्हणून जेवणाच्या सुट्टीतही कपाटाची किल्ली कनवटीला ठेवणारा हा माणूस आहे.

मी प्रोग्राम चालविला. चित्र ओळखता येत नाही, अशी तक्रार आली. बाइट्सआयओत, म्हणजे मेमरीतल्या फाइलीत, चित्र लिहून झाले की वाचनाची खूण शेवटाशी उभी राहते, आणि ती शून्यावर आणायला मी विसरलो होतो.

“नोंदवही शेवटच्या कोऱ्या पानावर उघडून साहेबांपुढे ठेवलीस,” काका म्हणाले. मी खूण मागे आणली, सही उमटली.

“पण ही नक्कल खरी आहे काय?”

“जेपेग उलगडून पुन्हा जेपेग केले, तर दर खेपेस रेषेचा बारकावा थोडा झिजतो. पीडीएफला मात्र मूळ दाबलेले बाइट जसेच्या तसे पोटात घेता येतात, आणि उद्या वाद उपस्थित झाला, तर त्याच दाखल्यातून ते बाहेरही काढता येतात.”

“म्हणजे मोहोर न फोडता नत्थी,” ते समाधानाने म्हणाले. पण लगेच त्यांच्या कपाळावर आठी आली. “मग मूळ राहिले कुणाच्या ताब्यात? दफ्तरात तर काहीच उरले नाही.”

“अर्जदाराच्या. सही त्याची आहे.”

“त्याचे घर पुरात गेले, म्हणजे?”

मी डिस्कवर लिहिणारी ओळ पुसली होती. तिच्या जागी कर्सर लुकलुकत होता, आणि काका उत्तराची वाट पाहत होते.