बांधावरची बोराटी



संक्रांत होऊन गेली. सुगडात हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे, गव्हाच्या ओंब्या आणि बोरे पडली. शेजारच्या घरी बाळाचे बोरन्हाण झाले, तेव्हा आपलीही मुले सांडलेली बोरे वेचायला धावली असतील. ती बोरे बाजारातली, टपोरी. आज मला बोलायचे आहे ते आपल्या लोहाऱ्याच्या शिवारात, कोणी न लावता बांधावर उगवणाऱ्या बोराटीविषयी. सोयाबीन कधीच निघून गेलेले असते, रान ओकेबोके दिसते, आणि तेव्हा हिच्या एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, तांबडी बोरे लगडलेली असतात.

हिला कोणी पाणी घातलेले नसते. हिचे मूळ खोल जाते. उन्हाळ्यात ही पाने टाकून देते आणि पाण्याचा खर्चच कमी करते. पाऊस सरता सरता फुलते आणि थंडीत फळ देते. शेजारच्या लातूरला 2016 साली रेल्वेने पाणी आणावे लागले, तो दुष्काळ आपणही भोगला आहे. अशा मुलखासाठी देवाने कोणते झाड ठेवले आहे, याचा आपण कधी विचार केला आहे का?

तिच्या पंगतीला कोण कोण बसते ते पाहा. वरची फळे बुलबुल आणि साळुंक्या खातात. खाली पडलेली रात्री कोल्हे आणि खोकड वेचतात, आणि त्यांच्या विष्ठेतून बी दुसऱ्या बांधावर जाऊन पडते. तित्तर आणि लावे काट्यांच्या आडोशाला लपतात. पाला शेळ्यांना. आणि जिला बाजारातली बोरे परवडत नाहीत अशी एखादी आजी मूठभर पदरात घेऊन घरी जाते. तिला कोणाला विचारावे लागत नाही.

लेवीयच्या 19व्या अध्यायात परमेश्वर शेतकऱ्याला बजावतो, की शेताच्या अगदी कडेपर्यंत कापणी करायची नाही. ते गरिबाचे आणि परक्याचे. निर्गमच्या 23व्या अध्यायात तो आणखी पुढे जातो. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, तिच्यात जे येईल ते गरिबांनी खायचे आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातल्या प्राण्यांनी. म्हणजे खोकडाचा वाटाही नियमशास्त्रात लिहिलेला आहे! असिसीच्या संत फ्रान्सिसने मठाच्या बागेचा एक भाग न खणता ठेवायला सांगितला होता, रानफुलांसाठी. पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात त्याची आठवण करून दिली आहे.

आता कडू बोलतो, राग मानू नका. आपल्याकडे बांध कोरला जातो. दर वर्षी नांगराचे एक तास जास्त, वीतभर जमीन. मग ट्रॅक्टरला अडचण होते म्हणून बोराटी जेसीबीने उपटली जाते, नाहीतर बुडाशी पेटवली जाते. तिच्याबरोबर हद्दीची खूणही जाते. मोजणी येते, पंच येतात, आणि दोन सख्खे भाऊ तहसील कचेरीत एकमेकांसमोर उभे राहतात. आईच्या पुण्यस्मरणाच्या मिस्साला ते वेगवेगळ्या बाकांवर बसतात. शांतीचा हात आपण शेजारी बसलेल्याला देतो. बांधापलीकडच्याला द्यायचा राहून जातो. शेजाऱ्याची हद्द सरकवू नये, ही आज्ञा अनुवादच्या 19व्या अध्यायात आहे. ती आपल्या तालुक्यासाठीच लिहिली असावी असे मला कधी कधी वाटते.

पवित्र भूमीत बोराटीची एक बहीण वाढते. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'ख्रिस्ताचा काटा' असा आहे, कारण प्रभूचा काट्यांचा मुकुट तिच्या फांद्यांचा होता अशी जुनी परंपरा आहे. शुभवर्तमानकार झाडाचे नाव सांगत नाहीत, म्हणून मीही छातीठोकपणे सांगणार नाही. पण बांधाच्या भांडणात उपटून फेकलेली बोराटी पाहिली, की मला तो मुकुट आठवतो.

ज्यांच्या बांधावर ती अजून उभी आहे त्यांनी ती राहू द्यावी. ज्यांची गेली त्यांनी आत्ता गोड रानबोरांच्या आठोळ्या धुऊन, वाळवून ठेवाव्यात. जूनमध्ये पाऊस लागला की आठोळी हलकेच फोडून बी जागेवरच लावावे. मूळ खोल जाणारे असल्याने रोप उपटून दुसरीकडे लावलेले तिला मानवत नाही. पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून जपावे लागेल. पुढे हवे तर उमराणचा डोळा भरावा, आणि एप्रिल-मेमध्ये छाटणी करावी, कारण फळ नव्या फुटीवर येते. एखादी मात्र पाखरांसाठी तशीच रानटी ठेवावी.

आणि बी लावायला जाल तेव्हा बांधापलीकडच्या भावाला हाक मारा. जागा कुठे धरायची ते त्याला ठरवू द्या. चहाची किटली सोबत न्या.