अन्नाची पदवी

फराळाचे ताट पुढ्यात आलेले असताना अन्नावर तात्त्विक चर्चा करू नये, हा शहाणपणाचा नियम मला ठाऊक आहे. चकली तोंडात असताना तिची चिकित्सा कोण ऐकणार? तथापि दिवाळी अंक आणि फराळ यांची जोडी इतकी जुनी, की एका हातात लाडू नि दुसऱ्या हातात अंक धरलेला वाचक घटकाभर माझे ऐकून घेईल, असा मला भरवसा वाटतो.

इटलीच्या उत्तरेस पिडमाँट प्रांतात पोलेंझो नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे २००४ साली एक विद्यापीठ निघाले. त्याचा विषय एकच : अन्न. रोम शहराच्या ऐन मध्यवस्तीत अमेरिकन धर्तीचे झटपट खाणे विकणारे दुकान निघाले, तेव्हा १९८६ साली कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याला विरोध केला. त्या विरोधातून सावकाश, जाणून खाण्याची एक चळवळ उभी राहिली आणि त्या चळवळीतून हे विद्यापीठ. तेथील विद्यार्थी अन्नाचा इतिहास शिकतात, मानववंशशास्त्र शिकतात, दही-चीज आंबवणाऱ्या जंतूंचे शास्त्र शिकतात, जिभेने चव पारखण्याचा रीतसर अभ्यास करतात. पुस्तके मिटून शेतांवर आणि गोठ्यांवरही जातात. शेवटी त्यांना पदवी मिळते.

आमच्या मुदखेडच्या शाळेत ही हकीकत मी मुलांना सांगितली, तेव्हा वर्गात हशा पिकला. एकाने विचारले, "सर, तिथं भाकरीत नापास होता येतं का?" हशा ओसरल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण सर, तिथं जेवणाची भांडी कोण घासतं?"

हे दोन्ही प्रश्न मला हसण्यावारी नेण्याजोगे वाटत नाहीत. पहिल्या प्रश्नात एक जुना समज दडलेला आहे : अन्नाची विद्या घरची; तिला विद्यापीठ कशाला? मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, तेव्हा विद्यापीठांची वकिली करण्याचे मला काही कारण नाही. येसर कितपत भाजावा, ज्वारीच्या पिठात पाणी किती गरम घालावे, हे आमच्याकडील बायकांनी कोणत्या ग्रंथात वाचले? वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक सांगणारे कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० साली आले. त्याच्या आधीही पिढ्यानपिढ्या हाताला माप होतेच.

तरीही 'घरची विद्या पुरे' हे म्हणणे मला पटत नाही. घरची विद्या घरापुरती असते. मुदखेडहून एक रेल्वे भोकर, हिमायतनगर, किनवट करीत आदिलाबादकडे जाते. आमच्या ताटातली अंबाडी त्या बाजूला 'गोंगुरा' होते. पाला तोच, भाषा बदलली, फोडणी बदलली, मान बदलला. एका चुलीपाशी बसून हे कळायचे नाही. ज्वारीचेच घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट' संस्थेच्या साह्याने 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त अधिक असलेले वाण २०१८ साली पुढे आणले. आजीच्या हाताला भाकरीची चव कळते; त्या भाकरीत रक्ताला लागणारे लोह किती, हे तो हात सांगू शकत नाही. तेथे प्रयोगशाळाच हवी.

आणि याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. आजीला स्वतःची चूल ठाऊक असते. गावकुसाबाहेरची चूल ठाऊक नसते. पुष्कळदा ठाऊक असूनही नसते. आपल्या भोजनाच्या श्लोकात अन्नाला पूर्णब्रह्म म्हटले आहे. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाण्यावर पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. त्या एका 'अ'मध्ये केवढा इतिहास आहे! वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, तेल-मसाल्याच्या टंचाईतून निघालेल्या कृती, हे सारे आमच्याच जिल्ह्यांतले. पण आमच्या कोणत्या पाकपुस्तकात ते कधी आले? त्याआधी २००९ साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, दलितांच्या अन्नाच्या आठवणी पुस्तकरूपाने आणल्या होत्या. हे ताट भारतीय नव्हे काय, असा त्या पुस्तकाच्या इंग्रजी नावातच सवाल होता. पोलेंझोला जाण्याआधी आपल्या विद्यार्थ्याने हा सवाल सोडवावा, असे मला वाटते.

कारण भूक हाही अन्नाच्या संस्कृतीचा भाग आहे, आणि लाजही. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून 'मिलो' नावाची तांबडी ज्वारी आली. खडी फोडून आलेल्या माणसांनी ती खाल्ली, सुकडी खाल्ली. आमच्या गल्लीतील एक म्हातारी त्या भाकरीविषयी बोलताना आवाज खाली आणते. "खाल्ली की, बाबा. पण दार लोटून खाल्ली," म्हणते. अलीकडे, २०२४ साली, लातूर जिल्ह्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला, कास्तीच्या कोथिंबिरीला, पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. शेतकऱ्याच्या मालाला नाव मिळाले, तर दोन पैसे जास्त मिळतील. पण दार लोटून खाल्लेल्या त्या भाकरीला कोणते मानांकन देणार? तिची नोंद न ठेवणारे अन्नशास्त्र चवदार होईल, खरे होणार नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. अन्न शिकणे म्हणजे चव शिकणे की पंगत शिकणे? कोण वाढतो, कोण आधी बसतो, कोण दूर बसतो, आणि सर्वांचे झाल्यावर तळाशी उरलेल्या कालवणावर कोण भागवते? आपल्या घराघरांत ही शेवटची पंगत एकाच बाईची असते. तिच्याविना कोणतीही पाककृती सिद्ध होत नाही; पण पाककृतीत तिचा पदार्थ कधी लिहिलेला नसतो.

अन्न हा अभ्यासाचा विषय आपल्याला नवा नाही. तैत्तिरीय उपनिषदात भृगू बापाकडे, वरुणाकडे, ब्रह्म शिकायला जातो, आणि तप करून प्रथम जे उत्तर आणतो ते 'अन्न' हे असते. बाप त्याला पुन्हा तपाला धाडतो. प्राण, मन, विज्ञान अशा पायऱ्या चढत तो आनंदापर्यंत पोचतो. मला नवल वाटते ते पुढचे. एवढ्या उंचीवर गेल्यावर ते उपनिषद पुन्हा खाली अन्नापाशीच येते आणि व्रते सांगते : अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न पुष्कळ करावे, आणि दारी आलेल्या कोणालाही माघारी लावू नये. चव ओळखण्याची परीक्षा तेथे नाही, वागण्याची आहे.

जवळच नांदेडला हुजूर साहिबच्या गुरुद्वारात रोज लंगर चालतो. तेथे जात न विचारता माणसे एका ओळीत बसतात. पोळ्या लाटणारे, वाढणारे, भांडी घासणारे हात सेवा म्हणून पुढे येतात. त्या मुलीच्या प्रश्नाला तेथे दररोज उत्तर मिळते, आणि तेही कोणाला पदवी न देता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. आमच्या मुलामुलींनी अन्न शिकायला जरूर जावे. परभणीला जावे, पुण्याला जावे, जमल्यास पोलेंझोलाही जावे. भाकरीत पदवी असते यात हसण्यासारखे काही नाही. मात्र भाकरीत नापासही होता येते, हे त्यांनी विसरू नये. ज्याला सगळ्या चवी ओळखता येतात, पण आपल्या घरात शेवटी कोण जेवले हे सांगता येत नाही, तो माझ्या मते नापास. यंदाच्या दिवाळीत वाचकांनी ही परीक्षा घरच्या घरी द्यायला हरकत नाही. पुस्तक उघडण्याची गरज नाही. शेवटची पंगत बसेपर्यंत थांबले म्हणजे झाले.