ग्रंथ सांगतो, पण पाहत नाही

पुस्तक वाचून युद्धकला शिकता येते काय, हा प्रश्न वारकऱ्यांच्या मासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु हा प्रश्न वरून हातापायांचा दिसला तरी आतून गुरूचा आहे, आणि गुरूचा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

समजा, पाटोद्याच्या किंवा धारूरच्या डोंगरपट्ट्यातला एक तरुण आहे. त्याच्या हाती चिनी युद्धकलेचे, कुंग-फूचे किंवा ताई-चीचे, पुस्तक पडते. पहाटे उठून, चित्रे पाहून तो अंगणात एकटाच पवित्रे घेऊ लागतो. शेजारचे आजोबा म्हणतात, "अरे बाबा, गुरूवाचून विद्या नाही. हातपाय मोडून घेशील." तरुण म्हणतो, "आजोबा, खरं आहे तुमचं. पण ही विद्या जाणणारा माणूस मी आणू कुठून?" दोघांचेही म्हणणे खरे आहे, म्हणूनच ते विचार करण्यासारखे आहे.

आधी पुस्तकाची बाजू पाहू. ही कला ग्रंथात उतरविण्याचा उद्योग चिन्यांनी स्वतःच केलेला आहे. मिंग राजवटीतील सेनापती छी चीग्वांग याने सन १५६० च्या सुमारास सैन्याच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला. त्यातील मुष्टियुद्धाच्या प्रकरणात ३२ पवित्रे चित्रांसह दिले आहेत. मोठ्या लढाईत या विद्येचा फारसा उपयोग नाही, हे तो मोकळेपणी सांगतो. पण हिने हातपाय चालते होतात, अंगाला मेहनतीची सवय लागते, आणि नवशिक्याला कलेत शिरण्याचे हे दार आहे, असे त्याचे म्हणणे. पुढे १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने ताई-चीच्या लांबलचक क्रमातून २४ पवित्र्यांचा आटोपशीर क्रम बांधला. सामान्य माणसालाही तो जमावा, हा हेतू. ज्याला रोज ज्ञानेश्वरी वाचणे होत नाही त्याच्या मुखी निदान हरिपाठ असावा, तसेच हे म्हणा ना! आपल्याकडेही द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ पासून बडोद्याहून दहा खंडांत निघाला. इतकी मेहनत त्यांनी पुस्तक फुकट जाते असे समजून खास केली नसेल.

आणि आपण वारकऱ्यांनी तरी ग्रंथाला कमी कसे लेखावे? अंबाजोगाईस ज्यांची समाधी आहे त्या मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेने शके १११० चा मानतात. ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये नेवाशास गीतार्थ मराठीत आणला. ज्यांना विद्येच्या दारात कोणी उभे करीत नव्हते, त्यांच्यासाठी हे ग्रंथ झाले. अशा घरचे म्हणविणाऱ्या आम्ही त्या तरुणाला "पुस्तक मिटून ठेव" असे कोणत्या तोंडाने सांगावे?

मग आजोबा चुकले काय? तसेही नाही. पुस्तकातले चित्र पवित्रा दाखविते, पण एका पवित्र्यातून दुसऱ्यात जाताना अंगाचा भार कोणत्या क्षणी कोणत्या पायावर गेला, ते चित्रात येत नाही. ताई-चीत गुडघा वाकवून सावकाश भार टाकावा लागतो. तो गुडघा पावलाच्या रोखाने न राहता आत कलत असेल, तर रोज थोडे थोडे करीत सांधा दुखावतो. पुस्तकात "गुडघा सरळ रोखात ठेवावा" असे लिहिलेलेही असते. तरुण ते वाचतो आणि आपला गुडघा सरळच आहे असे समजतो. ग्रंथाने सांगण्यात काहीच कसूर केलेली नसते. ग्रंथ सांगतो, पण शिकणाऱ्याकडे पाहत नाही.

येथे कोणी एकलव्याचे उदाहरण देईल. त्याच्यापुढे तर मातीचा पुतळा होता, तरी तो धनुर्धर झालाच की! खरे आहे. त्याची श्रद्धा मोठी आणि अभ्यासही मोठा. पण आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकलव्यापुढे पुतळा होता, तसे लक्ष्यही होते. बाण चुकला की लक्ष्य सांगत असे, "चुकला." कुस्तीत समोरचा गडी सांगतो; पाठ टेकली की वाद संपला. परंतु मोकळ्या अंगणात एकट्याने हवेत हात फिरविणाऱ्याला कोण सांगणार? तेथे लक्ष्य नाही, गडी नाही. चुकीचा हातही बरोबर वाटतो, आणि रोजच्या सरावाने ती चूकच पक्की होते.

नामदेवरायांची कथा आपण सर्व जाणतो. प्रत्यक्ष पांडुरंग ज्यांच्याशी बोलत होता, त्यांच्याही डोक्यावर गोरोबाकाकांचे थापटणे पडले आणि मडके कच्चे ठरले. नामदेवरायांना राग आला, पण पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले. मडक्याला स्वतःचा आवाज पारखता येत नाही, हा त्या कथेचा अर्थ आम्ही घेतो. अभ्यास स्वतः करता येतो. पारख मात्र दुसऱ्याने करावी लागते.

म्हणून आपल्या संप्रदायात ग्रंथ आहे तशी संगतही आहे. सप्ताहात पारायणाला बसलेल्यांच्या हाती ग्रंथ असतो, तरी व्यासपीठावर चालक असतो; कोणाची ओवी मागेपुढे झाली तर तो सावरून घेतो. पावली तर पुस्तकातून कोणीच शिकत नाही. टाळ घेऊन ओळीत उभे राहिले, की शेजारच्याचे पाऊल आपल्या पावलाला दुरुस्त करते. शेजारचा काही मोठा आचार्य नसतो.

यातच त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. चिनी कला जाणणारा गुरू मिळेपर्यंत त्याने पुस्तक जरूर वाचावे, पण एकट्याने करू नये. आणखी एक-दोन सोबती घ्यावे. एकाने पवित्रा करावा, दुसऱ्याने चित्र व गुडघा दोन्ही पाहावे. गावच्या तालमीतल्या वस्तादाला ताई-ची ठाऊक नसेल, पण भार कोठे पडतो आणि सांधा कोठे दुखावतो हे त्याला नक्की ठाऊक असते. त्याला नमस्कार करून विचारावे. दुखले तर थांबावे. आणि पारख झाल्याशिवाय दुसऱ्याला शिकवायला बसू नये. पुस्तकावर शिकणे हा दोष नव्हे. न पारखलेली विद्या खपवून दुसऱ्याचे पोर जायबंदी करणे हा दोष आहे.

पण सगळा उपदेश त्या पोरालाच करून आम्ही मोकळे व्हावे काय? आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फडाजवळच्या खोपीत राहणाऱ्या पोराला कसली तालीम आणि कसला वस्ताद? पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळविले, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. पण त्यांना घरात कुस्तीचे वळण होते, आणि पुण्यास हरिश्चंद्र बिराजदारांसारखा गुरू लाभला. गुण असूनही ज्यांना हे लाभले नाही, त्यांचे काय?

"गुरूवाचून विद्या नाही" हे वचन आपण शिष्याला ऐकवितो. ते जाणत्यालाही तितकेच लागू आहे. ज्याला कुस्ती येते, लाठी येते, मृदंग येतो, त्याच्या शेजारी एखादे पोर पुस्तक उघडून एकटे धडपडत असेल, तर उठून त्याच्यापर्यंत जाणे हे जाणत्याचे काम आहे. आजोबांनी अंगणाच्या कडेला बसून नुसते म्हणावे, "बाळा, डावा गुडघा आत जातोय बघ." इतके केले तरी त्या पोराच्या पुस्तकाला डोळे आले म्हणायचे.

रामकृष्ण हरि.