अनिकेत : वाऱ्याचा पत्ता



आज गीतेच्या बाराव्या अध्यायातला एकोणिसावा श्लोक. भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतायत, आणि शेवटाकडे दोन शब्द लागोपाठ येतात : अनिकेत आणि स्थिरमति. ज्याला घर नाही, आणि ज्याची बुद्धी हलत नाही. माझ्या ऑफिसात तीन अनिकेत आहेत आणि तिघांच्याही डोक्यावर वीस-वीस वर्षांचं गृहकर्ज आहे. नाव ठेवताना आईवडील अर्थ बघत नाहीत, तेच बरं.

माऊली ज्ञानेश्वरीत या शब्दापाशी थांबतात आणि वाऱ्याचा दाखला देतात. वारा कुठल्या एका गावचा रहिवासी नाही, सगळं आकाशच त्याचं. तसा हा भक्त. त्याला घर नाही असं नाही, जग हेच त्याला घर वाटतं. पसायदानाइतकीच ही ओवी आपल्याकडे पाठ असते. भिंतीवर फ्रेम करून लावतात, म्हणजे घराच्या भिंतीवर.

वाचायला गोड आहे. पण वाऱ्याला भूक लागत नाही, ताप येत नाही. माणसाला रात्री छप्पर लागतं. मग हे लक्षण माणसाला लागू कसं करायचं?

मी हिंगोली जिल्ह्यातला, कयाधूकाठचा. त्यामुळे माझा पहिला धडा नामदेव महाराजांचाच असणार. नर्सी आमची. पण नामदेवांचा देव होता पंढरपुरात, विटेवर. त्याच्याशी बोलायचं ते तिथे, भांडायचं तेही तिथेच. आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत सांगायचं तर देवाचा पत्ता हार्डकोड केलेला. गोरोबाकाकांनी तेरला त्यांना कच्चं मडकं ठरवलं, त्यानंतर ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले, ही कथा तुम्हाला माहीत आहे. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, बाबा, पिंड नसेल तिथे तूच नेऊन ठेव माझे पाय. आणि जिथे पाय ठेवावेत तिथे पिंड.

कीर्तनकार या कथेचा शेवट 'देव सर्वत्र आहे' असा करतात. बरोबरच आहे. मला मात्र पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. विसोबांनी देव काढून घेतला नाही, पत्ता काढून घेतला. म्हणून तर पुढे, ज्ञानोबांच्या समाधीनंतर, हा माणूस पार पंजाबात घुमानपर्यंत जाऊन राहू शकला. भाषा वेगळी, अन्न वेगळं, विठ्ठलाचं देऊळ नाही. तरी तिथल्या लोकांनी त्यांना इतकं आपलं मानलं की गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. अनिकेत झाल्याशिवाय हे होत नाही.

आता वाऱ्याबद्दल. आमच्याकडे समुद्र नाही. माझ्या आजोबांनी आयुष्यात समुद्र पाहिला नाही आणि त्यांचं काही अडलंही नाही. मी तो पाहिला नर्मदा परिक्रमेत, डिसेंबर २०१७ मध्ये. एक नोकरी सोडून दुसरी धरण्याआधी मोकळीक काढली होती. ओंकारेश्वराहून कार्तिकी एकादशीनंतर दक्षिण तटानं निघालो, मैया उजव्या हाताला, कुपीत तिचं पाणी. अंकलेश्वरपर्यंत एक सोबती होते. त्यांचा गुडघा सुजला, ते थांबले. हांसोटच्या पुढे मी एकटा.

परिक्रमेचा नियम असा की मैया ओलांडायची नाही. मग उत्तर तटावर जायचं कसं? जिथे ती समुद्राला मिळते तिथून, विमलेश्वराहून नावेनं. तीन-चार तास खाडीच्या तोंडातून, भरती साधून, पलीकडे मिठी तलाईला. आणि नेमकं त्याच आठवड्यात ओखी चक्रीवादळ कन्याकुमारीकडून लक्षद्वीप करत गुजरातकडे सरकत होतं. पौर्णिमा नुकतीच झालेली, म्हणजे भरती आधीच मोठी. ५ तारखेला मुंबईतल्या शाळा बंद, डिसेंबरात पाऊस. आईचा फोन आला. "पाऊस लागलाय म्हनं तिकडं? मग काय करायलास तिथं एकटा? मान्सं तरी हायेत का जवळ?" मी म्हटलं, आहेत. माणूस एकही दिसत नव्हता. खाऱ्या जमिनीवर वेडी बाभळ, चिखल, आणि बाजूनं येणारा पाऊस. छत्री उघडण्याचा प्रश्नच नव्हता. दंड टेकवून उभं राहावं तर वारा दंडासकट ढकलत होता.

आमच्या घराण्यात एकट्यानं चालणं नाही. वारी म्हणजे दिंडी. पुढे वीणा, मागे टाळ, डावी-उजवीकडे कुणीतरी आपल्याच बोलीत बोलणारं. दिंडीत भीती वाटत नाही, कारण भ्यायला सवडच मिळत नाही. इथे मी मोठ्यानं हरिपाठ म्हणत होतो आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. तेव्हा एक प्रश्न मनात उभा राहिला, तो आजही पुसलेला नाही. या नामाला आजवर ताकद होती ती नामाची, की शेजारी चालणाऱ्या शंभर लोकांची?

उत्तर मिळालं नाही. मिळाली एक झोपडी. मिठागरावर काम करणारं जोडपं, बांबू आणि काळं प्लास्टिक. त्या माणसानं लांबूनच हाक दिली, "नर्मदे हर! केटली मूर्ती?" परिक्रमावासीला तिकडे मूर्ती म्हणतात. किती माणसं असं विचारत नाहीत, किती मूर्ती. मी ओरडून सांगितलं, एक. एकटा आहे हे कळवळून सांगण्यासारखी गोष्ट न राहता, स्वयंपाकाच्या अंदाजापुरता आकडा झाला.

आत गेल्यावर कळलं की छप्पर उडू पाहतंय. तिघांनी तीन कोपरे धरले, चौथ्याला मिठाची पोती. त्याची बायको एका हातानं प्लास्टिक धरून दुसऱ्या हातानं चुलीतली लाकडं सारत होती. रोटला, मिरची, काळा चहा. रात्रभर आम्ही कोपरे धरून बसलो. मधे मी विचारलं, पावसानं मिठाचं काय? तो म्हणाला की पाणी आटून घट्ट होत आलं होतं, आता त्यात गोडं पाणी गेलं, पुन्हा पहिल्यापासून. एवढं बोलून मला म्हणाला, महाराज, तुमचा कोपरा सुटतोय.

हे जोडपं मूळचं तिथलंही नव्हतं. हंगामापुरतं येतात, पावसाळ्यात परत जातात. अनिकेत शब्दाचा अर्थ मी भाष्यांतून किती वेळा वाचला असेल. ज्यांना खरंच निकेत नाही, त्यांनी निम्मं छप्पर मला दिलं होतं, आणि ते देताना आपण काही देतोय असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. गरिबी म्हणजे अनिकेतपण असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं पाप आहे. त्यांना पक्कं घर मिळायलाच हवं. मी एवढंच म्हणतोय की 'माझं' हा शब्द त्या रात्री त्या छपराला कुणी लावला नाही, आणि म्हणून ते टिकलं.

वादळ त्या रात्री सुरतेजवळ पोचेपर्यंत विरून गेलं. दोन दिवसांनी विमलेश्वरला नाव सुरू झाली. नावेत सगळे म्हणत होते, मैयानं वाचवलं, मैयानं वादळ गिळलं. मी हात जोडले, पण ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. त्याच ओखीनं केरळ आणि तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार नेले होते. तेही दर्यावर जाण्याआधी प्रार्थना करूनच गेले असणार. त्यांच्या आयांनीही फोन लावले असणार. माझं वाचणं ही कृपा म्हणायची, तर त्यांचं जाणं काय म्हणायचं? आणि त्या मिठागरातल्या पाण्याचं? भक्ताला वादळ लागत नाही असं बाराव्या अध्यायात कुठेही म्हटलेलं नाही. उलट एक श्लोक आधीच शीत-उष्ण, सुख-दुःख यांची जोडी येते. म्हणजे लागणार, हे गृहीतच आहे. मग मी कशाबद्दल आभार मानले? त्या हाकेबद्दल. केटली मूर्ती.

राहिला दुसरा शब्द, स्थिरमति. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा होतेय, २०२३ मध्ये तिला केंद्राची मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यातल्या टकरीनं अवकाशात उठलेली सूक्ष्म थरथर टिपण्यासाठी. असं यंत्र शांत जमिनीवर लागतं, किनाऱ्यापासून दूर. कारण समुद्रात वादळ उठलं की लाटांचा कंप शेकडो किलोमीटर आतल्या खडकातही पोचतो. म्हणजे ओखीच्या दिवसांत नर्सीची जमीनसुद्धा, कुणाला न कळता, किंचित हलत असणार. आई अंगणात उभी राहून फोनवर बोलत होती तेव्हाही. तिथले आरसे स्थिर ठेवायचे तर त्यांना जमिनीत घट्ट रोवून चालत नाही. लंबकासारखे टांगावे लागतात, म्हणजे खालचा हादरा वर पोचता पोचता विरतो. स्थिरमतीबद्दल मला सध्या एवढंच कळलंय. घट्ट धरून बसणं वेगळं आणि टांगलेलं असणं वेगळं.

तेव्हा ज्यांनी विचारलं होतं की एकट्यानं परिक्रमेला जावं का, त्यांना : जा. पण चातुर्मास संपल्यावर, हवामान खात्याचा इशारा बघून, आणि नावाडी नाही म्हणाला तर वाद न घालता थांबा. दंड चांगल्या बांबूचा घ्या. घरी रोज फोन करा.

उद्या विसावा श्लोक, अध्याय संपतोय. आज जमलं तर माऊलींच्या एकोणिसाव्या श्लोकावरच्या ओव्या मोठ्यानं वाचा. शेजारी कुणी असो वा नसो.

राम कृष्ण हरी. नर्मदे हर.