रुजू झाल्यावर आलेले बोलावणे

नव्या नोकरीत रुजू होऊन महिना झालेला असतो आणि पूर्वी कधीतरी केलेल्या अर्जाला उत्तर येते : मुलाखतीला या. जावे का? घरातली बुजुर्ग मंडळी म्हणतात, मिळालेल्या रिज्कला लाथ मारू नये. मित्र म्हणतात, कंपनी काय तुझी सगी लागते? दोन्हीकडे उत्तराची फार घाई आहे.

कुरआन शरीफच्या सूरह कससमध्ये माणूस कामावर ठेवण्याची बोलणी आली आहेत. मिसरहून जीव वाचवून मदयनला आलेले हजरत मूसा दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजतात. त्यांतली एक वडिलांना सुचवते, यांना कामावर ठेवा. ताकदवान आणि अमानतदार माणूसच कामाला चांगला. हा 'अमानतदार' आपण वाझमध्ये पुष्कळदा ऐकतो. पुढचा तपशील कमी सांगितला जातो. बोलणी निकाहाचीही आहेत आणि कामाचीही. मुदत आठ वर्षांची ठरते. दहा पुरी केली तर ती मूसांची मर्जी. मूसा तिथल्या तिथे स्पष्ट करतात, की यांतली कोणतीही मुदत पुरी केली तरी पुढे माझ्यावर जबरदस्ती नको. म्हणजे एवढ्या मोठ्या पैगंबराची निष्ठासुद्धा बेमुदत नव्हती. ती आधी बोलून, मोजून दिलेली होती.

फिक्हमध्ये खरेदी-विक्रीसाठी 'खियार-ए-शर्त' आहे. सौदा ठरला तरी काही दिवसांत माघार घेण्याची मुभा राखता येते. इमाम अबू हनीफांच्या मते तीन दिवस. त्यांचे शागीर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद ठरवून घेतलेली जास्त मुदतही मान्य करतात. आजचे प्रोबेशन मला याच घराण्यातले वाटते. मालक पारखतो, मग नोकरानेही पारखावे. त्या काळात दुसरीकडे बोलायला जाणे ही वादाखिलाफी मी मानत नाही.

वादाखिलाफी होते ती वेगळ्या जागी. मुलाखतीच्या दिवशी रजेच्या अर्जात आजी आजारी पडते. (आपल्या ऑफिसांतून किती आज्या अशा आजारी पडल्या असतील!) किंवा कंपनीने खर्च करून प्रशिक्षण दिलेले असते, बॉण्डवर सही असते, आणि सही करणाऱ्याला ती नुसती औपचारिकता वाटलेली असते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची, तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. सही ही शेवटी जबानच असते.

आपल्याकडे यात आणखी एक ओझे मिसळते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवून पाहिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुस्लिम नावाच्या अर्जाला उच्चवर्णीय हिंदू नावापेक्षा बरीच कमी बोलावणी आली. मग आलेले बोलावणे नाकारायला मन धजत नाही. उलट कुणी बजावतो, तू दोन महिन्यांत सोडलेस तर पुढे आपल्या पोरांना घेणार नाहीत. हे ओझे मला मान्य नाही. इतर कुणी राजीनामा दिला तर त्याच्या जमातीचा हिशेब निघत नाही. आमच्याच मुलाने सगळ्या कौमची जमानत का द्यावी?

देणे लागतो ते एका माणसाचे : आपल्यामुळे ज्याची निवड हुकली त्या दुसऱ्या उमेदवाराचे. सोडायचेच असेल तर पहिल्या महिन्यातच सोडावे. तेव्हा कंपनी त्याला अजून बोलावू शकते. वर्षभर घोळत राहिल्यावर तो कुठे असेल कोण जाणे.

ओळखीतल्या एका मुलीला असा फोन आला. तिने सांगितले, मी तीन आठवड्यांपूर्वीच दुसरीकडे रुजू झाले आहे. काम आणि पगार दोन्ही आधी सांगा, जमण्यासारखे असेल तरच येईन, आणि तेही सुट्टीच्या दिवशी. पलीकडचा माणूस क्षणभर गप्प राहिला. मग त्याने तिला रविवारची वेळ दिली.