वेळेवर न झालेली कबुली

पाप घडल्यावर त्याची कबुली द्यावी, हे आपण बालपणीच शिकतो. परंतु पाप घडण्यापूर्वी, मन नुकते घसरू लागले असतानाच, ते कुणापाशी उघड करावे काय? एका इंग्रजी प्रेमकथेने हा प्रश्न माझ्यापुढे ठेवला.

जॉर्ज इलियट या टोपणनावाने लिहिणाऱ्या मेरी ॲन इव्हान्स यांची ‘ॲडम बीड’ ही कादंबरी १८५९ साली प्रसिद्ध झाली. तिचा काळ १७९९चा; स्थळ हेस्लोप नावाचे काल्पनिक खेडे. सचोटीचा सुतार ॲडम हेटीवर प्रेम करतो. शेतकरी मामाच्या घरी वाढलेली ही देखणी मुलगी मात्र जमीनदाराचा नातू आर्थर याला भुलते.

आर्थर दुष्ट नाही. वनराईतील भेटीनंतर तो अस्वस्थ होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सारे सांगण्यासाठी रेक्टर आयर्विन यांच्याकडे जातो. न्याहारी करता करता बोलणे मोहाच्या विषयापर्यंत येऊन ठेपते. पण आर्थर कचरतो. आयर्विन यांना शंका चाटून जाते. तरी संकोचापोटी तेही खोदून विचारत नाहीत.

त्या मौनाची किंमत हेटी मोजते. गरोदर अवस्थेत ती आर्थरला शोधत विंडसरला पोहोचते. तो पलटणीबरोबर आयर्लंडला गेलेला असतो. नवजात अर्भक ती रानात टाकून देते आणि फाशीच्या शिक्षेस पात्र ठरते. तुरुंगात दायना या मेथडिस्ट प्रवचनकार तरुणीपाशी ती अखेर मन मोकळे करते. आर्थरच्या धावपळीने फाशी टळते. हद्दपारी टळत नाही. या कथेचे बीज लेखिकेला आपल्या मेथडिस्ट चुलतीकडून मिळाले होते. १८०२ साली नॉटिंगहॅम येथे बालहत्येसाठी फाशी गेलेल्या मेरी व्होसला त्या चुलतीने तुरुंगात सोबत केली होती. तिची फाशी टळली नाही.

आपल्या हातून काही बिघडलेच, तर ते पुढे भरून काढता येईल, असे आर्थरला वाटत असे. दिलदार माणसाचा हा मोठा भ्रम होय. हेटीच्या कबुलीने तिचे मन हलके झाले; बाळ परतले नाही. घडलेले पाप सांगायला पश्चात्ताप लागतो. न घडलेले सांगायला त्याहून अधिक नम्रता लागते, कारण तोवर आपण स्वतःच्या नजरेत चांगलेच असतो.

आणि ऐकणाऱ्याचे काय? कुणी अवेळी घरी येऊन भलतेच बोलत बसले, तर संकोच बाजूला सारून आपण एकदा तरी विचारावे, ‘खरे काय ते सांगशील?’