आईचा नकार

नकाराची मोकळीक नसेल तर त्याला दान म्हणू नये, असे मी मानतो. क्रिग्लर-नजार हा जन्मजात विकार १९५२ साली वर्णिला गेला. मुलाचे यकृत एरवी धडधाकट. फक्त बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याचा निचरा करणारे विकर त्यात नसते. उग्र प्रकारात मेंदू वाचवण्यासाठी मूल रोज १०-१२ तास निळ्या उजेडाखाली निजते. वय वाढते, कातडी जाडावते, उजेड पुरेनासा होतो. आईच्या यकृताचा तुकडा बसवला, तर दिवा सुटतो. दोष निम्मा तिच्याकडूनच आलेला. पण तिचे दुसरे जनुक शाबूत असल्याने तिचे यकृत चालते.

आणि ती भ्याली तर? १९९४ चा आपला कायदा दात्याची संमती मागतो. परंतु जिथे आईपणाच्या आरत्या ओवाळल्या जातात, तिथे 'नको' म्हणायला तिला तोंड कुठले? अशा वेळी काही डॉक्टर घरच्यांना इतकेच सांगतात, की बाई दात्या म्हणून योग्य नाहीत. मी खोट्याचा कैवारी नव्हे. तरी या खोट्याला दोष देताना माझी जीभ अडखळते. तिची अब्रू राहिली, हे खरे. पण मूल मोठे होऊन विचारील, तेव्हा ती काय सांगेल? शिवाय उरलेला निम्मा दोष बापाचा; त्याला कुणी विचारले होते का?